युद्ध संपल्यावर मूल कुणाचं?

(प्रस्तावना)

मुंबईहून रेल्वेने कोल्हापूरला जायचं तर बोरघाट चढून मावळ ओलांडावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या वाटेने काही अनोळखी पाहुणे गेले. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली होती. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला, लंडनमधलं पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला आणि या माणसांची सुटका झाली. उपासमारीतून आणि साथींतून वाचलेल्या बायका-मुलांपैकी काही हजार जण इराणमार्गे हिंदुस्थानात आले. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांची वसाहत वसली. जे मुंबई बंदरात उतरले, ते खंडाळा, लोणावळा, कामशेत, तळेगाव अशी स्टेशनं मागे टाकत पुण्याला गेले आणि तिथून मीटरगेजच्या गाडीने कोल्हापूरला.

मावळात त्यांनी मुक्काम केला नाही. पण हे पुस्तक ज्या प्रश्नाभोवती उभं आहे, तो प्रश्न त्या गाड्यांमध्ये बसलेला होता. युद्धाने ज्याचे आईबाप नेले, ते मूल कुणाचं? जन्मदेशाचं? धर्माचं? कुठेतरी जिवंत असलेल्या मामा-काकांचं? की आज त्याला जेवू घालणाऱ्या घराचं?

युद्धानंतर परदेशी दत्तकातून घडलेली कुटुंबं हा विषय मराठीत नवा वाटेल. कोरिया, व्हिएतनाम, बांगलादेश ही नावं ऐकून हा दूरचा मामला आहे, असंही कुणी म्हणेल. तसं नाही. पुण्यात मूल दत्तक घेण्याची जी व्यवस्था गेल्या पन्नास वर्षांत उभी राहिली, तिच्यातल्या काही संस्थांचा उगम थेट परक्या युद्धांत आहे. तळेगावच्या एखाद्या घरात आज पाळणा हलतो, तेव्हा त्यामागे १९४५ चा युरोप, १९५५ चं सेऊल आणि १९७५ चं सायगाव उभं असतं. हा धागा उलगडून दाखवावा, म्हणून वाचकाच्या हाती पुस्तक देण्याआधी ही थोडी लांब प्रस्तावना.

सुरुवात आपल्याकडच्या परंपरेपासून करू. महाराष्ट्रात दत्तक आणि आसरा या दोन वेगळ्या वाटा होत्या. दत्तक घेतला जाई तो घराण्यासाठी. गादी, वतन आणि पिंड चालवायला वारस हवा, म्हणून भाऊबंदांतला मुलगा मांडीवर घ्यायचा. मूल अनाथ असण्याशी त्याचा संबंध नव्हता; उलट चांगल्या घरातला, माहितीतला मुलगा निवडला जाई. बडोद्याचे सयाजीराव १८७५ मध्ये असेच गादीवर आले, कोल्हापूरचे शाहू महाराज १८८४ मध्ये. दुसऱ्या बाजीरावाने दत्तक घेतलेल्या नानासाहेबांना पेन्शन नाकारली गेली, झाशीच्या दामोदररावांचा हक्क नाकारला गेला, आणि या नकारांनी १८५७ च्या आगीत तेल ओतलं. आपल्याकडे दत्तकावरून युद्ध पेटलं; या पुस्तकाचा विषय त्याच्या उलट आहे, युद्धातून निर्माण झालेला दत्तक.

आसऱ्याची वाट मात्र मुलासाठी होती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि पुढे एका विधवेचा मुलगा, यशवंत, आपला म्हणून वाढवला. पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या प्रेरणेने १८७५ मध्ये बालकाश्रम सुरू झाला. शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी केडगावला शेकडो मुलींना सावरलं. या दोन वाटा, वारसासाठी घेतलेलं मूल आणि मुलासाठी उघडलेलं दार, कायद्याने एकत्र यायला १९५६ चा हिंदू दत्तक व पोटगी कायदा यावा लागला. त्याने मुलीही दत्तक घेता येऊ लागल्या आणि स्त्रीलाही स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा हक्क मिळाला.

या दोन्ही वाटा १९४० च्या दशकात एका विलक्षण ठिकाणी एकमेकींना भेटल्या होत्या. ते ठिकाण म्हणजे आपली संस्थानं.

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. आईबाप गमावलेली किंवा त्यांच्यापासून तुटलेली शेकडो मुलं मुंबईत वांद्र्याला काही काळ राहून तिथे गेली. जामसाहेब स्वतः काका रणजितसिंहजींचे दत्तक वारस होते, आणि रणजितसिंहजींचाही बालपणी दत्तक होऊन तो पुढे मोडला गेला होता. दत्तकाचा कागद माणसाचं आयुष्य कसं घडवतो आणि कसं बिघडवतो, हे या घराण्याइतकं कुणाला ठाऊक असणार? महायुद्ध संपत आलं तशी ब्रिटनने पोलंडच्या नव्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली आणि मुलांना परत पाठवण्याचा दबाव आला. ज्या सत्तेने आईबापांना उचलून नेलं, तिच्याच छायेखाली मुलं पाठवायची का, असा पेच होता. तेव्हा जामसाहेब, छावणीचे पोलिश धर्मगुरू फ्रांचिशेक प्लुता आणि ब्रिटिश अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी मिळून मुलांना कायदेशीर दत्तक घेतल्याचा वृत्तांत पोलिश निर्वासितांच्या इतिहासात येतो.

या दत्तकाचं वेगळेपण नीट पाहिलं पाहिजे. मुलांची नावं बदलली नाहीत. त्यांची भाषा, प्रार्थना, शाळा पोलिशच राहिली. कुणी त्यांना जामसाहेबांच्या कुळातलं, जाडेजा, केलं नाही. दत्तकाचा कागद इथे ढालीसारखा वापरला गेला. मुलाला त्याच्या मुळांपासून तोडण्यासाठी नव्हे, तर मुळांवर दावा सांगणाऱ्या सत्तेपासून वाचवण्यासाठी.

बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाली आणि बरीच मुलं वळिवड्याला आली. पाच हजारांच्या घरात वस्ती असलेल्या त्या छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, नाट्यगृह होतं, स्काउट पथकं होती. काही मुलं पाचगणीच्या शाळांत शिकली. त्याच वर्षांत कोल्हापूरच्या गादीवरही एक मूलच होतं. राजाराम महाराजांच्या निधनानंतर १९४२ च्या अखेरीस दत्तक आलेले शिवाजी महाराज वर्षा-सव्वावर्षाचे होते आणि १९४६ मध्ये पाचव्या वर्षाच्या आतच वारले. एकाच गावात एक मूल वारस म्हणून आणलेलं, आणि वेशीबाहेर हजारो मुलं आसऱ्याला आलेली. मराठी मुलखात दत्तकाचे दोन्ही अर्थ इतके जवळ क्वचितच आले असतील. १९४८ मध्ये वळिवडं रिकामं झालं. बरेच जण इंग्लंडला गेले, काही आफ्रिकेतल्या छावण्यांत, काही पोलंडला परतले. पण कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, आणि वॉर्सा शहरात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, कोल्हापूरच्या ऋणाचं स्मारकही आहे.

इतकी मोठी, दखल घेण्याजोगी घटना आपल्याकडे घडली. तरी युद्धोत्तर दत्तकाचा जागतिक इतिहास लिहिला जातो तो युरोपपासून. १९४५ नंतर युरोपात लाखो मुलं आईबापांविना होती. नाझींनी पोलंडमधून गोरी-घारी मुलं पळवून जर्मन घरांत दिली होती. ती शोधून परत करायची, तर मधल्या काळात जिला ती ‘आई’ म्हणू लागली, त्या बाईचं काय, हा पेच होता. इतिहासकार टारा झाहरा यांनी ‘द लॉस्ट चिल्ड्रन’ या ग्रंथात दाखवून दिलं आहे की, त्या मुलांवरचा वाद हा बराचसा राष्ट्रांचा वाद होता; प्रत्येक देशाला आपली घटलेली लोकसंख्या भरून काढायची होती. त्याआधी, युद्ध चालू असतानाच, लंडनमध्ये मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम पाळणाघरांत मुलांच्या नोंदी ठेवत होत्या. बॉम्बपेक्षा आईपासूनची ताटातूट मुलाला अधिक हादरवते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालाने हा विचार जगभर पोचवला. मोठ्या अनाथालयापेक्षा घर बरं, हे आज आपण गृहीत धरतो. त्यामागे ही युद्धाची शिकवण आहे.

ऑस्ट्रियात हर्मान ग्माइनर यांनी १९४९ मध्ये दुसरा उपाय सुचवला. एक आई, काही मुलं, एक छोटं घर आणि अशा घरांचं गाव. महायुद्धाच्या अनाथांसाठी निघालेली ही ‘एसओएस बालग्राम’ची कल्पना भारतात आली, पुण्याला येरवड्यात रुजली आणि किल्लारीच्या भूकंपानंतर लातूरलाही गेली. लोणावळ्यातलं अंतरभारती बालग्राम असो की मळवलीजवळ भाज्याचं ‘संपर्क’, मावळातल्या लोकांना बालग्राम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. या गावांत मूल कायद्याने कुणाचं होत नाही. वाढतं मात्र मायेत. दत्तकाला पर्याय म्हणून ही वाट लक्षात ठेवायला हवी.

परदेशी दत्तकाचं आजचं रूप मात्र कोरियात घडलं. १९५३ मध्ये तिथलं युद्ध थांबलं. युद्धकैद्यांची देखरेख करायला गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूर भागातले मेजर जनरल शंकरराव थोरात. इकडे कैद्यांचा प्रश्न सुटत होता, तिकडे रस्त्यावरच्या मुलांचा सुरू होत होता. अमेरिकन सैनिकांपासून झालेल्या मुलांना कोरियन समाज आपलं म्हणायला तयार नव्हता. ओरेगॉनमधले शेतकरी हॅरी होल्ट आणि त्यांच्या पत्नी बर्था यांनी १९५५ मध्ये अमेरिकन संसदेकडून खास कायदा करून घेऊन आठ कोरियन मुलं दत्तक घेतली आणि मग इतरांसाठी विमानं भरून मुलं न्यायला सुरुवात केली. युद्धाच्या जखमेवरची ती मलमपट्टी होती. पण जखम भरली तरी पट्टी सुटली नाही. देश सावरला, श्रीमंत झाला, आणि तरीही परदेशी जाणाऱ्या मुलांचा ओघ १९८० च्या दशकात सर्वाधिक होता. आजवर सुमारे दोन लाख कोरियन मुलं परदेशी घरांत गेली. मार्च २०२५ मध्ये कोरियाच्याच सत्यशोधन आयोगाने जाहीर केलं की, यातल्या अनेकांची कागदपत्रं खोटी होती. आईबाप हयात असताना मूल ‘बेवारस’ लिहिलं गेलं होतं, आणि शासनाने त्याकडे डोळेझाक केली होती.

व्हिएतनामने हीच गोष्ट काही आठवड्यांत घडवून दाखवली. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडण्याआधी अमेरिकेने अडीच हजारांहून अधिक मुलं विमानाने बाहेर काढली. ४ एप्रिलचं पहिलंच मोठं विमान कोसळलं. त्यात ७८ मुलांसह सव्वाशेहून अधिक माणसं गेली. जी पोचली, त्यांतल्या काहींना आईबाप होते आणि त्यांनी मुलं फक्त सुरक्षिततेसाठी सोपवली होती. हे प्रकरण अमेरिकन न्यायालयात गेलं. पण मुलं तोवर घरोघरी वाटली गेली होती.

या दोन युद्धांचे धागे पुण्यात येऊन पोचले. होल्ट संस्थेच्या सहकार्याने १९७९ मध्ये पुण्यात भारतीय समाज सेवा केंद्र सुरू झालं. व्हिएतनाम युद्धात जखमी झालेल्या मुलांसाठी १९६७ मध्ये जर्मनीत स्थापन झालेल्या ‘तेर दे झोम’ने भारतातल्या कामाचं कार्यालय पुण्यात थाटलं. ससून रुग्णालयाच्या आवारातलं ‘सोफोश’ या संस्थेचं ‘श्रीवत्स’ आणि इतर जुन्या संस्था होत्याच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुण्यामुंबईची मुलं स्वीडन, नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिका इथल्या घरांत गेली, ती अशा जाळ्यामुळे. या मुलांचे आईबाप युद्धात मेले नव्हते. गरिबी आणि कुमारी मातेची लाज ही त्यांची कारणं होती. पण त्यांना नेणारी यंत्रणा, तिची घाई, तिचे फॉर्म आणि तिची दयेची भाषा ही युद्धातून आली होती. या संस्थांतल्या अनेकींनी भारतीय घरांना दत्तकाकडे वळवण्याचं मोठं कामही केलं, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. आज पुण्यात दत्तक ही कुजबुजीची गोष्ट उरलेली नाही, ते त्या समाजसेविकांमुळे.

उपखंडातली युद्धं या जागतिक कथेत सहसा तळटीपेत जातात. फाळणीनंतर पळवलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी १९४९ मध्ये कायदा झाला. त्या स्त्रियांना झालेली मुलं कुठल्या देशाची, हा प्रश्न संसदेत चर्चिला गेला आणि छावण्यांत रोज भोगला गेला. कमलाबेन पटेल यांनी त्या कामाच्या आठवणी गुजरातीत लिहिल्या. उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी तो इतिहास पुढे आणला. मावळाच्या वेशीवर पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत वसली, त्याच वर्षांतली ही गोष्ट.

बांगलादेशात १९७१ च्या युद्धातल्या बलात्कारांतून जन्मलेल्या मुलांसाठी १९७२ मध्ये खास आदेश काढून परदेशी दत्तकाची मुभा देण्यात आली. ढाक्यात मदर तेरेसांच्या सिस्टर्सनी मुलं सांभाळली आणि त्याच वर्षी जुलैत पंधरा बाळांची पहिली तुकडी कॅनडाला गेली. मुस्तफा चौधुरी यांनी या पंधरा जणांचा पुढे शोध घेतला. त्यांच्या मातांची नावं जपून ठेवायला तेव्हा कुणाला सवड नव्हती आणि धाडसही नव्हतं.

मग कायदा कुठे होता? भारतात तो एका पत्रामुळे जागा झाला. वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्या. पी. एन. भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी निकाल दिला. तोवर परदेशी दांपत्य १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे फक्त पालक नेमले जात आणि खरा दत्तक त्यांच्या देशात होई. म्हणजे मूल घरातून निघे ते पाल्य म्हणून आणि पोचे तेव्हा त्याचं काय होईल, हे तिथल्या कायद्यावर अवलंबून असे. निकालाने क्रम ठरवून दिला: आधी जन्मदाते, मग भारतीय घर, शेवटी परदेश. १९९० मध्ये दत्तकाची देखरेख करणारी ‘कारा’ ही केंद्रीय संस्था आली. परदेशी दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. २००० च्या आणि त्याच्या जागी आलेल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याने धर्माची अट न ठेवता दत्तकाचा मार्ग सर्वांना खुला केला, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मूल सोपवणाऱ्या आईला दोन महिने फेरविचाराची मुभा आहे. परदेशी गेलेल्या मुलाचा अहवाल पहिली दोन वर्षं मागवला जातो.

युद्धासाठीचे नियम याहून जुने आहेत आणि फार थोड्यांना ठाऊक आहेत. १९४९ चा चौथा जिनिव्हा करार सांगतो की, व्यापणाऱ्या सत्तेने मुलाची व्यक्तिगत ओळख कुठल्याही परिस्थितीत बदलू नये. १९७७ च्या जोडकरारात तर असं आहे की, युद्धातून मूल दुसऱ्या देशात हलवायचं झालं तर प्रत्येकाचं छायाचित्रासह कार्ड करून शोधसंस्थेकडे पाठवावं: नाव, आईबाप, गाव, भाषा, धर्म, अंगावरच्या खुणा. निर्वासित मुलांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शनात, कुटुंबाचा शोध घ्यायला साधारणपणे दोन वर्षं दिल्याशिवाय दत्तकाचा विचार करू नये, असं म्हटलं आहे. वळिवड्यात मुलांची नावं टिकली. सायगावच्या विमानांत अनेकांची गळून गेली. सारा फरक अशा नोंदीचा आहे.

या विषयावर बोलणाऱ्यांचे ढोबळमानाने चार पक्ष पडतात. पहिला सुटकेचा: मूल मरतंय, आधी वाचवा, बाकी नंतर. दुसरा मुळांचा: मुलाला त्याच्या नातलगांत, गावात, देशात ठेवा, परदेश शेवटचा. तिसरा पक्ष स्वतः दत्तक मुलांचा आहे, जी आज मध्यमवयीन आहेत. कोरियन-स्वीडिश अभ्यासक टोबियास ह्यूबिनेत, पुण्यातून दत्तक जाऊन जर्मनीत वाढलेले अरुण डोहले अशांनी विचारायला सुरुवात केली की, आमच्या भल्याचा हिशोब आम्हाला न विचारता कसा मांडला? मानववंशशास्त्रज्ञ एलिआना किम आणि बार्बरा यंगवेसन यांनी या पिढीच्या जगण्यावर महत्त्वाचे ग्रंथ लिहिले आहेत. चौथा पक्ष कुटुंबांचा आहे आणि तो फारसा ऐकू येत नाही. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कर्क यांनी १९६४ मध्येच म्हटलं होतं की, आपलं घर इतरांसारखंच आहे असं भासवणाऱ्या दत्तक घरांपेक्षा वेगळेपण मान्य करणारी घरं अधिक सुदृढ असतात.

हा चौथा पक्ष या पुस्तकाचा गाभा आहे. राजकारण आणि कायदा यांच्या पलीकडे, अशा घरात रोज काय घडतं? मुलाचा वाढदिवस कधी करायचा, कारण कागदावरची तारीख डॉक्टरांनी दात पाहून लिहिलेली असते. डॉक्टर ‘घरात कुणाला मधुमेह?’ विचारतात तेव्हा काय सांगायचं. शाळेत कुटुंबवृक्ष काढून आणायला सांगतात तेव्हा कुठल्या फांदीवर कुणाला बसवायचं. आजी ‘हे कुणावर गेलंय’ म्हणते आणि सगळे गप्प होतात. आपल्याकडे तर पुढे जातीचा दाखला आणि लग्न हेही येतं. आईबाप, नातलग, जात यांपैकी कशाचाच पत्ता नसलेल्या अनाथांसाठी महाराष्ट्र शासनाला २०१८ मध्ये एक टक्का समांतर आरक्षण ठेवावं लागलं. युद्धातून आलेल्या मुलाच्या घरात या सगळ्यावर आणखी एक सावली असते. ज्या सैन्यामुळे मूल अनाथ झालं, कधी तेच सैन्य नव्या आईबापांच्या देशाचं असतं. कृतज्ञता आणि राग एकाच ताटात वाढले जातात, आणि मुलाने दोन्ही मुकाट्याने जेवावेत अशी अपेक्षा असते.

आज हे वाचायचं कारण काय? १७ मार्च २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने युक्रेनची मुलं बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून व्लादिमिर पुतिन आणि रशियाच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं. त्यांतली काही मुलं रशियन घरांत दिली गेली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये युनिसेफने गाझात निदान सतरा हजार मुलं आईबापांविना किंवा त्यांच्यापासून तुटलेली असल्याचा अंदाज दिला. दुसरीकडे, परदेशी दत्तकाचं पर्व मावळतंय. २०२४ मध्ये चीनने ते थांबवलं आणि नेदरलँड्सनेही टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला. नवी मुलं कमी जातील. पण गेलेली मुलं आता परत येतात. पुण्यात दरवर्षी युरोपातून तिशी-पन्नाशीची माणसं येतात, संस्थेचं जुनं रजिस्टर बघायला मिळेल का विचारतात. भारतीय नियमांत अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्तीला मुळांचा शोध घेण्याची वाट आहे, पण जन्मदात्रीच्या गोपनीयतेला धक्का न लावता. एका बाजूला मुलाचा हक्क, दुसऱ्या बाजूला कदाचित आज कुठल्या तरी गावात नातवंडांत रमलेली, कुणालाच काही न सांगितलेली आई. या दोघांमध्ये उभं राहणं फार अवघड आहे.

आता या पुस्तकाविषयी. ते इतिहासाचं पाठ्यपुस्तक नाही आणि दत्तकाची प्रचारपुस्तिकाही नाही. मावळ पट्ट्यातले शिक्षक, वकील, बालगृहांत काम केलेल्या ताई आणि काही दत्तक पालक यांच्या चर्चांतून ते आकाराला आलं. युद्धांच्या कथा त्यात आहेत, पण त्या रणांगणाच्या बाजूने सांगितलेल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या बाजूने सांगितल्या आहेत. लेखक एका मताचे नाहीत. कुणाला परदेशी दत्तक पूर्ण बंद व्हावा असं वाटतं, कुणाला तो अपंग आणि मोठ्या मुलांसाठी तरी हवा असं वाटतं, कारण आपल्याकडे अशा मुलांसाठी रांग लागत नाही. संपादकांनी हे मतभेद मिटवले नाहीत, ते बरं केलं. कुटुंबांची ओळख झाकली आहे; तरी त्यांचा आवाज झाकलेला नाही.

माझं स्वतःचं मत या वाचनातून पक्कं झालं आहे. दत्तकाची कसोटी घेणाऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर ठरत नाही. होल्ट दांपत्य मनाने मोठं होतं, सायगावला विमानं पाठवणारेही बहुतेक चांगलेच लोक होते. कसोटी ठरते ती एका साध्या गोष्टीवर: मूल मोठं होऊन परत फिरलं, तर त्याला मागचा रस्ता सापडेल का? बालाचडी-वळिवड्याची मुलं म्हातारी झाल्यावर हिंदुस्थानविषयी मायेने लिहू शकली, कारण त्यांना आपण कोण हे कधी विसरावं लागलं नव्हतं. ज्यांची नावं पुसली गेली, ती आजही सरकारांच्या दारात उभी आहेत. मुलाला घर देणं आणि त्याची मागची हकिकत जपणं ही एकच जबाबदारी आहे, आणि ती घेणाऱ्या घराची, संस्थेची आणि शासनाची मिळून आहे.

म्हणून वाचकांना, विशेषतः मावळातल्या वाचकांना, काही विनंत्या. सोडून दिलेलं मूल आढळलं तर ते परस्पर कुणाच्या ओटीत घालू नका, हेतू कितीही चांगला असो. १०९८ ला फोन करा आणि मूल बालकल्याण समितीपुढे जाऊ द्या, कारण त्याची पहिली खरी नोंद तिथेच होते. ज्यांच्या घरी दत्तक मूल आहे त्यांनी त्याची फाइल, त्याचे पहिले कपडे, आदेशाची प्रत जपून ठेवावी आणि वयाला झेपेल तसं त्याला सांगत जावं. आणि ज्या संस्थांच्या कपाटांत पन्नास वर्षांपूर्वीची रजिस्टरं आहेत, त्यांनी ती वाळवीच्या स्वाधीन करू नयेत. त्या पानांवर ज्यांची नावं आहेत, ती माणसं अजून जिवंत आहेत, आणि ती रजिस्टरं बघायला येणार आहेत.